लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे यादी नव्हे: पेपरांवर कोडिंग करून सिंथेसिस कसं करायचं (खाजनाचं उदाहरण घेऊन)

रिव्ह्यूचा चॅप्टर उघडला की बहुतेक वेळा एकच चाल दिसते. अमुक यांनी २००९ मध्ये असं म्हटलं, तमुक यांनी २०१४ मध्ये तसं म्हटलं, तिसऱ्याने दोघांना दुजोरा दिला, आणि असं करत करत चाळीस पानं. मग गाईड विचारतात सिंथेसिस कुठंय, आणि मुलं बुचकळ्यात पडतात, कारण सगळं वाचलंय, सगळं लिहिलंय, अजून काय पाहिजे? पाहिजे ते एवढंच की वीस-पंचवीस पेपर एकत्र वाचल्यावर असं काय कळलं जे त्यातल्या एकाही पेपरात लिहिलेलं नाही. ते आपोआप सुचत नाही, त्याला पद्धत आहे, आणि ती तुम्हाला अर्धी येते सुद्धा. मुलाखतींच्या ट्रान्स्क्रिप्टवर जे कोडिंग करता, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना अर्थ सांगणारी छोटी नावं देता, तेच इथे पेपरांवर करायचं. पेपर हाच डेटा.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ, म्हणजे हवेत बोलणं नको. खाजन शेती. गोव्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात: मांडवी, झुवारी अशा नद्यांच्या काठची, भरतीचं खारं पाणी जिथे शिरायचं ती जमीन बांध घालून आत घेतलेली, आणि पाणी आतबाहेर करायला मानस, म्हणजे भरती-ओहोटीबरोबर उघडमीट होणारं दार. साधारण १८ हजार हेक्टर असा आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्यातली बरीच आज पडीक. तर आपला प्रश्न असा धरू: खाजन पडीक का पडलं याबद्दल तिथले शेतकरी आणि गावकरी काय सांगतात?

आधी बघा हे तुमचं काम आहे का

तुमचा प्रश्न "किती" असेल, म्हणजे खारं पाणी शिरल्यावर भाताचं उत्पन्न किती टक्के घटतं वगैरे, तर हा लेख बंद करा आणि मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून हिशोब करणं, ते शिका. प्रश्न "कसं", "का", "लोकांना काय वाटतं" असा असेल तरच पुढे वाचा.

प्रश्न बांधायला आरोग्यवाले पिको वापरतात पण त्यात इंटरव्हेन्शन, कंपॅरिझन असले रकाने, आपल्या कामाला ते घट्ट होतात. २०१२ मध्ये स्पायडर नावाचा साचा आला तो बरा पडतो: सॅम्पल कोण, फिनॉमिनन कोणता, डिझाईन काय, इव्हॅल्युएशन म्हणजे लोकांचं मत-अनुभव काय, आणि रिसर्च टाईप कोणता. आमच्या उदाहरणात सॅम्पल खाजनातले शेतकरी, कुळं, कोमुनिदादचे (गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणारी जुनी संस्था) गांवकार, मानशीवर मासे धरणारे. फिनॉमिनन जमीन पडीक पडणं. डिझाईन मुलाखती, गटचर्चा, निरीक्षण. इव्हॅल्युएशन ते जे सांगतात ती कारणं. टाईप क्वालिटेटिव्ह किंवा मिक्स्ड. पाच ओळी झाल्या, भिंतीवर चिकटवा. नंतर शंभरदा वाटेल की हा पेपर घेऊ की नको, तेव्हा तिथे बघायचं.

पद्धत कोणती

पद्धती ढीगभर आहेत आणि नावं ऐकूनच माणूस घाबरतो, पण नवख्याला तीन माहीत असल्या की पुरे.

थीमॅटिक सिंथेसिस. थॉमस आणि हार्डन यांनी २००८ मध्ये मांडलेली, लंडनच्या एप्पी सेंटरमधून. तीन पायऱ्या: ओळीओळीचं कोडिंग, मग वर्णनात्मक थीम, मग विश्लेषणात्मक थीम. माझं ऐकाल तर पहिल्यांदा हीच घ्या.

मेटा-एथ्नोग्राफी. नॉब्लिट आणि हेअर, १९८८, दोघं शिक्षणक्षेत्रातले. सात टप्पे आहेत पण गाभा हा की एका पेपरातली कल्पना दुसऱ्याच्या भाषेत मांडून बघायची: जुळतायत का, एकमेकांना खोडतायत का, की सगळ्या मिळून एक वेगळाच युक्तिवाद उभा राहतोय. सुंदर पद्धत आहे पण पेपर थोडे आणि भरीव लागतात, वरवरच्या सर्व्हे रिपोर्टांवर केली तर हाताला काही लागत नाही.

तिसरी फ्रेमवर्क सिंथेसिस. थीम आधीच ठरलेल्या असतात, एखाद्या थिअरीतून किंवा पॉलिसीच्या प्रश्नातून, आणि पेपरांतली माहिती त्या चौकटीत बसवत जायची, न बसलेली वेगळी ठेवून तिच्यासाठी नवे रकाने काढायचे. वेळ कमी असेल, सरकारी खात्याला रिपोर्ट द्यायचा असेल तर उत्तम.

ब्रॉन आणि क्लार्क यांचं २००६ चं सहा टप्प्यांचं थीमॅटिक अ‍ॅनालिसिस तुम्हाला एमएला शिकवलं असेल. ते मुळात मुलाखतींसारख्या प्रत्यक्ष डेटासाठी आहे, सिंथेसिससाठी म्हणून लिहिलेलं नाही, त्यामुळे थीसिसमध्ये "आम्ही ब्रॉन-क्लार्क वापरून सिंथेसिस केलं" एवढंच लिहिलं तर व्हायव्हात कुणीतरी पकडतोच. वापरा, पण पेपरांवर ते कसं लावलं ते चार ओळींत सांगा.

शोधाशोध

इथे दोन गोष्टी सांभाळा. एक, स्पेलिंग. खाजन, खाजण, खझान, आणि पोर्तुगीज कागदांत कझाना, इंग्रजी पेपरांत तर याची तीन-चार रूपं सापडतात. सगळी "किंवा" लावून एकत्र टाका, आणि मानस, बांध, कोमुनिदाद, मुहाना, खारफुटी हे शब्दही. फक्त एक स्पेलिंग टाकून "लिटरेचर कमी आहे" असं लिहिणारे दरवर्षी असतात.

दोन, जागा. गुगल स्कॉलरवर थांबू नका. शोधगंगावर थीसिस मिळतात, आणि आपल्याकडच्या विषयांवर खरा जाडजूड क्वालिटेटिव्ह डेटा पुष्कळदा थीसिसमध्येच पडलेला असतो, पेपरात त्याचा दहावा हिस्सा येतो. गोवा विद्यापीठाची लायब्ररी ताळगावच्या पठारावर, पणजीत पाटो इथे कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी, पर्वरीला झेवियर सेंटर, या तिन्ही ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन बसा. पैसे मागणाऱ्या जर्नलांसाठी जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, सरकारी शिक्षणसंस्थांसाठी, तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नलं त्यात आहेत, तुमचं कॉलेज सरकारी असेल तर लायब्रेरियनना विचारा लॉगिन कसं करायचं. पुष्कळ मुलांना हे माहीतच नसतं आणि पेपरासाठी इकडेतिकडे भीक मागत फिरतात.

प्रत्येक शोधाची नोंद: कुठे, कधी, कोणते शब्द, किती निकाल. कंटाळवाणं आहे, करा. प्रिस्मा २०२० ची जी आकृती रिव्ह्यूत घालावी लागते, किती मिळाले किती वगळले का वगळले, ती नंतर आठवून भरता येत नाही.

गाळणी

आधी शीर्षक-गोषवारा वाचून, मग पूर्ण पेपर वाचून. रेयान नावाचं वेब टूल आहे त्यावर दोघांनी एकमेकांचं न बघता निवड करता येते आणि मग मतभेद कुठे ते दिसतं. एकटेच असाल तर निदान काही पेपर मैत्रिणीला द्या आणि तिचं उत्तर तुमच्याशी ताडून बघा. संदर्भ झोटेरोत ठेवा, फुकट आहे.

दर्जा तपासायला कॅस्पची क्वालिटेटिव्ह चेकलिस्ट, दहा प्रश्न आहेत. लोक काय करतात, प्रत्येक "हो" ला एक मार्क देऊन दहापैकी सात आले म्हणून पेपर पास करतात. तसं करू नका. ती चेकलिस्ट मार्क देण्यासाठी बनवलेलीच नाही, आणि नीतिमत्तेचा एक परिच्छेद नसलेला जुना पेपर पण गावात वर्षभर राहून लिहिलेला, तो गुळगुळीत पण पोकळ पेपरापेक्षा कितीतरी कामाचा असतो. उणिवा लिहून ठेवा, शेवटी लागतील.

एक तक्ता, कोडिंगच्या आधी

एक्सेलमध्ये प्रत्येक पेपरला एक ओळ. लेखक, प्रकाशनाचं वर्ष, पद्धत, किती लोकांशी बोलले, हे सगळे करतात. मी दोन रकाने जास्तीचे मागेन: फील्डवर्क कोणत्या वर्षी झालं, आणि कोणत्या तालुक्यात, जमलं तर कोणत्या गावात.

याचं कारण सांगतो, कारण सिंथेसिसमधली सगळ्यात मोठी गडबड इथेच होते. कोडिंग केलं की वाक्य त्याच्या जागेवरून उचललं जातं आणि मग १९९५ चा शेतकरी आणि २०२० चा शेतकरी एकाच थीमखाली शेजारी बसतात, जणू दोघं एकाच खाजनाबद्दल बोलतायत. खाजनाभोवती वेळोवेळी काय काय बदलत गेलंय बघा. १९६४ चा कूळ कायदा आला, कोमुनिदादच्या हातातली बांधांची देखरेख हळूहळू कुळांच्या संघटनांकडे गेली. १९९१ ला सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांवर निर्बंध घालणारी अधिसूचना आली. २०१२ ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाने लीजच्या नूतनीकरणावरून पुन्हा थांबवल्या. २०१० मध्ये कुणी "मजूर मिळत नाही, सगळे खाणीवर ट्रकवर गेले" म्हणत असेल आणि २०१९ मध्येही कुणी "मजूर मिळत नाही" म्हणत असेल तर कोड एकच लागतो पण कारण एक नसतं. तिसवाडीतलं खाजन आणि साष्टीतलं खाजन यांचंही तेच. प्रकाशनाचं वर्ष यात उपयोगाचं नाही, फील्डवर्क आणि छपाई यांच्यात सहज चार-पाच वर्षं जातात.

डेटा म्हणजे पेपरातला नक्की कोणता भाग?

पेपरात दोन प्रकारचे आवाज असतात. लोकांचे शब्द, अवतरणात दिलेले. आणि लेखकाने त्यांचा लावलेला अर्थ. पहिल्याला फर्स्ट ऑर्डर म्हणतात, दुसऱ्याला सेकंड ऑर्डर, आणि तुम्ही जे शेवटी मांडाल ते थर्ड ऑर्डर. थॉमस-हार्डन पद्धतीत रिझल्ट्स किंवा फाइंडिंग्ज या नावाखाली जे काही असेल ते सगळं डेटा धरतात. पण काही लेखक महत्त्वाचं डिस्कशनमध्ये लपवून ठेवतात, ते पण घ्या, फक्त दोन्ही वेगळ्या रंगात ठेवा. शेतकऱ्याचा काळा, लेखकाचा निळा, काहीही चालेल. नाहीतर महिन्याभराने "शेतकरी म्हणतात राज्ययंत्रणेचं विकेंद्रीकरण अपुरं आहे" असलं वाक्य तुमच्या हातून लिहिलं जाईल. कुठला शेतकरी असं बोलतो?

कोडिंग

आता मुख्य काम. सॉफ्टवेअरचा प्रश्न लगेच येतो: एनव्हिवो, अ‍ॅटलस टीआय, मॅक्सक्यूडीए महाग आहेत, टॅगेट आणि क्वालकोडर फुकट आहेत. पंधरा-वीस पेपर असतील तर एक्सेल पुरतं, खरंच पुरतं. सॉफ्टवेअर कोड सांभाळतं, कोड सुचवत नाही.

ओळ वाचायची आणि विचारायचं इथे काय चाललंय. खालची वाक्यं सरावासाठी मीच रचलेली आहेत, कुठल्या पेपरातली नाहीत:

"मानस रात्रीची उघडी ठेवतात, मासळी जास्त मिळते म्हणून, सकाळी बघतो तर शेतात खारं पाणी."

नवखा इथे कोड देतो "पाणी". किंवा "मानस". हा कोड नव्हे, हा विषय झाला, पुस्तकामागच्या सूचीतला शब्द. चांगला कोड वाचल्यावर मूळ वाक्य न बघता कळलं पाहिजे काय म्हटलंय: "मासळीसाठी मानस उघडी ठेवणं". आणि त्याच वाक्याला दुसरा कोड: "नुकसान दुसऱ्या दिवशी कळणं". एका वाक्याला दोन-तीन कोड लागले तर बिनधास्त लावा.

"बांध फुटला की पूर्वी सगळे धावायचे, आता संघटनेचा चेअरमन कोण तेच ठाऊक नाही."

कोड: "बांध ही सगळ्यांची जबाबदारी असणं, पूर्वी", "आता कुणाला सांगायचं ते न कळणं". शेवटाला "णं" येतंय बघा, म्हणजे कुणीतरी काहीतरी करतंय किंवा कुणाला काहीतरी होतंय हे कोडमध्येच राहतं. नामं लिहिली की माणसं गायब होतात.

"दोन पोरं दुबईला, एक पणजीला नोकरीला, शेत कोणी करायचं, आणि करून मिळतंय काय?"

इथे थांबा जरा. घाईत "स्थलांतर" लिहून पुढे जाल. पण माणूस दोन गोष्टी बोलतोय, मुलं नाहीत ही एक आणि असती तरी परवडत नाही ही दुसरी. दोन वेगळे कोड.

पहिले चार-पाच पेपर होईपर्यंत कोड भराभर वाढतील, मग वेग मंदावतो, जुनेच कोड पुन्हा लागायला लागतात. तेव्हा मागे जाऊन पहिले पेपर पुन्हा बघा, कारण सहाव्या पेपरात सुचलेला कोड पहिल्यातही लागत असतो. हे टाळलं तर पहिले पेपर कायम अर्धवट राहतात. आणि एका वहीत मेमो लिहीत जा, तारीख घालून, काय खटकलं, कुठल्या दोन पेपरांचं पटत नाही. सिंथेसिसचं निम्मं लिखाण पुढे याच वहीतून निघतं.

एआय चॅट टूलला पेपर देऊन कोड काढून घेणं हल्ली सर्रास चाललंय. गाईडला सांगून करा, आणि त्याने दिलेलं प्रत्येक अवतरण पीडीएफमध्ये शोधून बघा, नसलेली वाक्यं ते ऐटीत देतं. माझं मत म्हणाल तर पहिल्या पाच पेपरांना त्याला हातही लावू देऊ नका, नाहीतर तुम्हाला डेटा कळणारच नाही आणि ते चुकलं तरी पत्ता लागणार नाही.

वर्णनात्मक थीम

साठ-सत्तर कोड झाले की चिठ्ठ्यांवर लिहून जमिनीवर पसरा, पंखा बंद करून. सारखे जवळ ठेवा. "पाण्यावर ताबा कुणाचा", "बांधाची जबाबदारी", "शेती न परवडणं", "जमीन विकण्याचा मोह" असे गट पडतील. मग तक्ता करा, उभे पेपर, आडव्या थीम, कुठल्या पेपरात कुठली थीम आहे त्यावर खूण.

रिकामे चौकोन नीट बघा. "जमीन विकण्याचा मोह" फक्त किनाऱ्याजवळच्या गावांच्या पेपरांत दिसते का? मानशीवर मासे धरणाऱ्यांशी कुणी बोललंच नाही का, सगळे शेतकऱ्यांशीच बोलले? तसं असेल तर तुमच्या रिव्ह्यूतला "मानशीवाला" हा फक्त दुसऱ्यांनी केलेल्या तक्रारीतून उभा राहिलेला माणूस आहे, आणि हे तुम्ही लिहायला पाहिजे.

बहुतेकजण इथेच थांबतात. थीमची नावं हेडिंग म्हणून देतात, खाली पेपर ओततात, झाला चॅप्टर. ही पुन्हा यादीच झाली, फक्त लेखकवार होती ती विषयवार झाली.

विश्लेषणात्मक थीम

थॉमस आणि हार्डन यांनी ज्या रिव्ह्यूतून पद्धत दाखवली तो मुलं आणि सकस आहार यावर होता. मुलं काय म्हणतात त्यातलं एक असं की आरोग्याची काळजी करणं हे आपलं काम आहे असं त्यांना वाटतच नाही, खाण्यात त्यांना चव महत्त्वाची. हे वर्णन झालं. मग संशोधकांनी आपला मूळ प्रश्न समोर ठेवला, मुलांनी फळं-भाज्या खाव्यात यासाठी काय करता येईल, आणि तिथून मुद्दा निघाला की फळं-भाज्या "आरोग्याला चांगल्या" म्हणून नको, "चविष्ट" म्हणून पुढे करा. ही उडी महत्त्वाची.

आपल्याकडे कशी मारायची? वर्णनात्मक थीम समोर ठेवा आणि प्रश्नाला उत्तर मागा: जमीन पडीक का पडते? समजा तुमच्या तक्त्यात "मासळीसाठी मानस उघडी ठेवणं", "बांधाची जबाबदारी कुणाची ते न कळणं" आणि "मानशीवरच्या मासेमारीच्या लिलावाचे पैसे बांधावर खर्च न होणं" हे तिन्ही पुन्हा पुन्हा एकत्र येतायत. तर कदाचित मुद्दा असा मांडता येईल की पाण्यातून ज्याला पैसा मिळतो आणि खाऱ्या पाण्याने ज्याचं बुडतं ती आता वेगवेगळी माणसं झालीत, आणि जुन्या व्यवस्थेत ती एकाच संस्थेच्या हिशोबात होती. बांध मोडला म्हणून शेती गेली असं मग म्हणता येत नाही, दोन्हीच्या मागचा हिशोब तुटलाय असं म्हणावं लागतं. हे मी उदाहरण म्हणून सांगतोय, तुमच्या पेपरांतून निघालं तरच लिहा.

मुद्दा सुचला की लगेच त्याला मोडायला बघा. असा पेपर शोधा जिथे मानस आणि शेती एकाच संघटनेच्या हातात आहे तरीही जमीन पडीक आहे. मिळाला तर मुद्दा बदला, किंवा तो कुठे लागू आणि कुठे नाही ते लिहा. नाही मिळाला तर "शोधला, मिळाला नाही" हेही लिहा. गाईडबरोबर भांडण होणार ते याच टप्प्यावर, होऊ दे, थीमवर वाद झाला नाही तर ती बहुधा पुचाट असते.

लिहिताना

प्रत्येक निष्कर्षावर किती भरवसा ठेवायचा हे सांगायला ग्रेड-सर्क्वल आहे. चार गोष्टी बघतात: मूळ अभ्यासांच्या पद्धतीतल्या उणिवा (कॅस्पच्या नोंदी इथे कामाला येतात), निष्कर्ष आणि डेटा यांचा मेळ, डेटा पुरेसा आहे का, आणि तो तुमच्या प्रश्नाला कितपत लागू. त्यावरून जास्त, मध्यम, कमी, अगदी कमी. पीएचडीला हे बंधनकारक नसलं तरी टेबल घाला, परीक्षकाचे अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

काय काय सांगायचं राहिलं ते तपासायला २०१२ ची एंट्रेक यादी, २१ मुद्दे. शेवटच्या दिवशी नको, लिहायला बसाल त्या दिवशीच प्रिंट काढून शेजारी ठेवा, कारण त्यात कोडिंग किती जणांनी केलं, सॉफ्टवेअर कोणतं, असं सगळं विचारलेलं असतं.

चॅप्टर थीमनुसार मांडा, प्रत्येक थीमची सुरुवात तुमच्या वाक्याने करा, लेखकाच्या नावाने नाही. एक सोपी चाचणी: प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य कॉपी करून वेगळ्या पानावर एकाखाली एक लावा. नुसती ती वाक्यं वाचून युक्तिवाद कळत असेल तर पाठवा गाईडना. पहिल्या शब्दांत आडनावं आणि वर्षंच दिसत असतील तर तक्त्याकडे परत.